कारण-चक्राची आकृती की साठा-प्रवाहाचं मॉडेल? संत्र्याच्या पट्ट्यातल्या पाण्यावर घासून पाहिलेली तुलना

प्रणाली सिद्धांताची तोंडओळख झाली, फीडबॅक (परिणाम फिरून पुन्हा कारणावर येणं), विलंब, खुली प्रणाली हे शब्द अंगवळणी पडले, की प्रश्न उरतो हत्याराचा. नागपूर भागात तो बहुतेक वेळा पाण्याच्या निमित्तानं उभा राहतो. काटोल-नरखेडकडे पाणलोटाचं काम करणारी संस्था असो की भूजलावर प्रकल्प घेतलेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, संत्र्याच्या बागा, बोअर, बाजारभाव आणि विहिरीची पातळी यांचा गुंता एकत्र कसा मांडायचा, हे ठरवावं लागतं. समोर दोन वाटा असतात. एक, बाण आणि गोल काढून कारण-चक्राची आकृती करणं. दुसरी, साठे (आज घटकेला जे साचलेलं आहे ते) आणि प्रवाह (साठ्यात येणारं किंवा त्यातून जाणारं) वेगळे करून आकड्यांवर चालणारं मॉडेल बांधणं. मी दोन्ही वापरतो, दोन्हींचा उपयोग आहे. तरी एकच निवडायचं असेल तर माझा कल दुसरीकडे आहे आणि त्याचं कारण एकाच दोषात आहे.

आधी आकृतीबद्दल, कारण सुरुवात बहुधा तिनंच होते. दहा-बारा चल, म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या गोष्टी, घ्यायचे, त्यांच्यात बाण काढायचे. एक वाढलं की दुसरंही वाढत असेल तर अधिक, उलट होत असेल तर उणे. चक्र पूर्ण झालं की त्यातली उणे चिन्हं मोजायची. सम आली तर ते स्वतःलाच वाढवणारं, विषम आली तर समतोल साधणारं. चलांची नावं कमी-जास्त होऊ शकतील अशी हवीत. ‘बागेखालचं क्षेत्र’ चालतं. ‘बागा वाढणे’ चालत नाही, कारण मग ‘वाढणे कमी झालं’ असलं काहीतरी बोलावं लागतं आणि चिन्हं चुकायला लागतात. एवढी शिस्त पाळली तर ग्रामसभेत खडू आणि फळ्यावर तासाभरात चांगली आकृती उभी राहते. शेतकरी, कृषी सहायक आणि बँकेचा माणूस एकाच गोष्टीकडे तीन बाजूंनी बघत असतात, ते तिथं उघड होतं. बोअर आटली की आणखी खोल बोअर, त्यामुळे बाग वाचते, वाचलेल्या बागेमुळे उपसा चालू राहतो, पातळी आणखी खाली जाते, हे चक्र फळ्यावर पाहिल्यावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आकृतीची ही ताकद खरी आहे.

आता तो दोष. बाणावरचं अधिकचं चिन्ह सांगतं की कारण वाढलं तर परिणाम वाढतो आणि कारण घटलं तर परिणाम घटतो. कारण आणि परिणाम हे दोन्ही एकाच जातीचे असतील तोवर हे ठीक. पण परिणामाच्या जागी साठा आला की अर्धं विधान खोटं पडतं. पावसाचं पुनर्भरण (जमिनीत मुरून भूजलात पडणारी भर) आणि भूजलाचा साठा यांच्यात अधिकचा बाण काढला, तर आकृती म्हणते की पुनर्भरण घटलं की साठा घटतो. तसं होत नाही. टाकीचा नळ अर्धा बंद केला तरी टाकी भरतच राहते, फक्त सावकाश. साठा घटायचा असेल तर येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा कमी व्हावं लागतं. ती तुलना आकृतीत कुठेच नसते, कारण आत येणाऱ्याचा आणि बाहेर जाणाऱ्याचा बाण दिसायला सारखाच असतो. या विषयातल्या जाणकारांनी ही अडचण 1980च्या दशकातच नोंदवून ठेवली आहे, तरी शिकवताना ती हमखास सुटते.

कागदावर हा बारीक मुद्दा वाटेल. शिवारात तो चुकीच्या निर्णयापर्यंत नेतो. ‘बागेखालचं क्षेत्र वाढलं, उपसा वाढला, पातळी उतरली, म्हणून नवी लागवड कमी झाली’ हे चक्र समतोल साधणारं निघतं. बैठकीत ते पाहून लोक निश्चिंत होतात: पाणी कमी पडलं की लागवड आपोआप थांबेल आणि सगळं जागेवर येईल. प्रत्यक्षात नवी लागवड आज पूर्ण थांबली तरी उभी झाडं पाणी पितच राहतात. शिवाय दोन-तीन वर्षांची कलमं मोठी होत जातात आणि त्यांची गरज पुढची काही वर्षं चढतीच राहते. निर्णय आजच्या भावावर झालेला असतो, पाण्याची मागणी पाच वर्षांनी पूर्ण भरात येते. समतोलाच्या चक्रात एवढा विलंब आला की ते समतोलावर थांबत नाही, पार पुढे निघून जातं. आकृतीत विलंबासाठी बाणावर दोन आडव्या रेघा मारतात. त्या रेघा एका महिन्याच्या आहेत की पाच वर्षांच्या, हे त्यांच्याकडे बघून कळत नाही.

हाच प्रश्न साठा-प्रवाहात मांडून बघा. पुढचे आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, आपल्या शिवारातले घालावेत. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी 277 झाडं बसतात. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला 100 लिटर धरले तर हेक्टरी रोज 27.7 घनमीटर उपसा. बेसाल्टच्या झिजलेल्या थरात पाणी धरून सोडण्याची क्षमता 2 टक्के धरू. म्हणजे एक हेक्टरखाली पातळी एक मीटर उतरली की 200 घनमीटर पाणी मिळालं. पाणलोटाचा चौथा हिस्सा बागेखाली असेल तर एक हेक्टर बाग चार हेक्टरखालचं पाणी ओढते, म्हणजे मीटरमागे 800 घनमीटर. भागाकार केला की पातळी रोज साडेतीन सेंटिमीटर उतरते असं दिसतं, उन्हाळ्याच्या 90 दिवसांत 3.1 मीटर. हिवाळ्यात झाडामागे 60 लिटर आणि 120 दिवस धरले तर आणखी अडीच मीटर. एकूण 5.6 मीटर.

आता भरती. पाऊस 1000 मिलिमीटर, त्यातला 12 टक्के जमिनीत मुरला तर 120 मिलिमीटर पाणी. 2 टक्के क्षमतेच्या खडकात ते पातळी 6 मीटर चढवतं. म्हणजे चौथ्या हिश्शावर गणित कसंबसं जुळतं. बागेचा वाटा तिसऱ्या हिश्शावर गेला की उपसा साडेसात मीटरचा होतो आणि दरवर्षी दीड मीटरची तूट पडू लागते. नाल्याला झिरपून जाणारं पाणी अजून धरलेलंच नाही. चौथा आणि तिसरा हिस्सा यांच्यामध्ये कुठेतरी गावाचं भवितव्य उलटतं. आकृतीत दोन्ही गावं एकसारखी दिसतात, तेच बाण, तीच चिन्हं. माझ्यासाठी निवड इथंच झाली.

मॉडेल बांधायला फार काही लागत नाही. जे फॉरेस्टर यांनी 1950च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत ही पद्धत घडवली, तेव्हा जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यातली कामगारभरती वर-खाली का होते याचं पहिलं गणित त्यांनी वहीत पेन्सिलीनं केलं होतं. आपल्याला स्प्रेडशीट पुरते. पाण्याचा साठा, कोवळ्या झाडांचं क्षेत्र, फळावरच्या झाडांचं क्षेत्र, प्रत्येकाला एक रकाना. पुनर्भरण, उपसा, नवी लागवड, वाळून गेलेल्या बागा यांना वेगळे रकाने. ओळ म्हणजे एक महिना. या महिन्याचा साठा = मागच्या महिन्याचा साठा + (मागच्या महिन्याची आवक − मागच्या महिन्याची जावक). सुरुवात पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून करावी.

चुका ठरलेल्या जागी होतात. सगळ्यात जास्त दिसणारी ही: साठ्याच्या सूत्रात त्याच ओळीतला प्रवाह घातला जातो आणि तो प्रवाह त्याच ओळीतल्या साठ्यावर अवलंबून असतो. स्प्रेडशीट चक्राकार संदर्भाची सूचना देतं. ती बंद करण्यासाठी पुनरावृत्तीची सेटिंग चालू करतात, मग सूचना जाते आणि आकडे बिघडतात. उपाय एवढाच की प्रवाह मागच्या ओळीतला घ्यावा.

दुसरी चूक उपशाची. गरज म्हणजेच उपसा असं लिहिलं तर दुष्काळी वर्षात साठा शून्याखाली जातो आणि मॉडेल नसलेलं पाणी उपसत बसतं. गरज आणि उपलब्ध साठा यांतलं जे कमी, तेवढाच उपसा, अशी अट घालावी. त्याहून चांगलं म्हणजे पातळी उतरेल तसा बोअरचा प्रवाह हळूहळू कमी होईल असा तक्ता द्यावा, कारण बोअर एका दिवसात कोरडी पडत नाही, आधी ती तासाभरानं हवा ओढायला लागते.

तिसरी चूक विलंबाची आहे आणि ती दिसत नाही म्हणून जास्त घातक. कोवळं झाड 60 महिन्यांनी फळावर येतं, म्हणून कोवळ्या झाडांच्या साठ्यातून दरमहा साठावा हिस्सा पुढच्या साठ्यात टाकतात. याचा अर्थ या महिन्यात लावलेल्या कलमांतली काही पुढच्याच महिन्यात फळाला लागली. तसं होत नाही. कोवळ्या झाडांचे सलग तीन साठे करावेत, प्रत्येकात सरासरी 20 महिने आणि प्रत्येकाला झाडामागे पाण्याचा वेगळा आकडा. मग लागवडीची लाट पाच वर्षांच्या आसपास जाऊन थडकते आणि मधल्या काळातली वाढती तहानही दिसते.

कालखंडाचा, म्हणजे एका ओळीत किती वेळ धरायचा त्याचा, नियम लक्षात असू द्या: मॉडेलमधल्या सर्वांत छोट्या विलंबाच्या चौथ्या हिश्शापेक्षा तो मोठा नसावा. नाहीतर खोट्या लाटा उठतात आणि त्या खऱ्या वाटतात. खात्री करायची तर कालखंड निम्मा करून पुन्हा चालवावं. निकाल बदलला तर आधीचा निकाल विसरावा. बागांसाठी महिना चालतो. अंबाझरी तलावासाठी नाही चालणार. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तिथंही साठा आणि प्रवाहच आहेत, पण कालखंड मिनिटांचा घ्यावा लागेल.

स्प्रेडशीटचा कंटाळा आला तर अशी मॉडेलं बांधायच्या वेन्सिम या सॉफ्टवेअरची पीएलई आवृत्ती शिक्षणासाठी विनामूल्य मिळते. तिच्यात एककांची तपासणी आहे, लिटर आणि घनमीटर एकमेकांत मिसळले की ती अडवते. ब्राउझरमध्येच काम करायचं तर इनसाइट मेकर आहे.

आकृतीची बाजू कुठं जड आहे, तेही सांगायला हवं. ज्या प्रश्नात मुख्य गोष्टी मोजताच येत नाहीत किंवा प्रश्न नेमका काय आहे यावरच एकमत नाही, तिथं आकडे लादणं चूक आहे. दोन गटांतला विश्वास, शाळा सोडणाऱ्या मुलींच्या घरातली ओढाताण, एखाद्या सहकारी संस्थेतला बेबनाव. असल्या ठिकाणी आकृतीही कधी कधी घाईची ठरते. लँकेस्टर विद्यापीठात पीटर चेकलंड यांनी विकसित केलेली सॉफ्ट सिस्टिम्सची पद्धत, जी आधी लोकांची वेगवेगळी दृष्टी समोर मांडायला लावते, ती जास्त बरी. आणि संध्याकाळच्या एकाच बैठकीत सगळ्यांना एका पानावर आणायचं असेल तर स्प्रेडशीट उघडू नये, खडूच घ्यावा.

इतर क्षेत्रांत मात्र मला साठा-प्रवाहाचंच पारडं जड दिसतं. इस्पितळात दिवसाला 40 रुग्ण दाखल होतात आणि सरासरी 5 दिवस राहतात, तर 200 खाटा भरलेल्या राहणार. मुक्काम एका दिवसानं कमी झाला तर 40 खाटा मोकळ्या होतात, एकही खाट विकत न घेता. साथीच्या रोगांत तर ही पद्धत प्रणाली सिद्धांताच्या नावाआधीची आहे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी 1927 साली लोकसंख्येचे संवेदनक्षम, बाधित आणि त्यातून बाहेर पडलेले असे साठे पाडले आणि आपलं गणित मुंबईच्या 1905-06 मधल्या प्लेगच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. आकृतीनं ‘संसर्ग वाढला की बाधित वाढतात’ एवढंच सांगितलं असतं. साथ कधी ओसरते हे सांगायला रोजचे नवे बाधित आणि रोजचे बरे होणारे यांची तुलना लागते.

म्हणून निवड करणाऱ्याला माझं सुचवणं असं: सभेसाठी आकृती करा, पण तिच्यातला प्रत्येक चल साठा आहे की प्रवाह, हे त्याच दिवशी खाली लिहा. ज्याला ‘दरमहा’ किंवा ‘दरवर्षी’ जोडता येतं तो प्रवाह. ज्याला ‘आज घटकेला किती’ विचारता येतं तो साठा. साठ्याकडे जाणारा बाण प्रवाहातूनच गेला पाहिजे. बाजारभावातून थेट बागेच्या क्षेत्राकडे बाण असेल तर मध्ये ‘दरवर्षीची नवी लागवड’ राहून गेली आहे. हे एवढं केलं की आकृतीचं अर्धं मॉडेल झालेलंच असतं.

मॉडेल उभं राहिलं की ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींशी ताडावं. त्यांच्या नोंदी वर्षातून चार वेळा होतात, त्यांतल्या मे आणि ऑक्टोबरच्या दोन पुरेत. एकट्या चांगल्या पावसाच्या वर्षावर जुळवू नये, सोबत एक कोरडं वर्ष घ्यावं. कोरड्या वर्षाची मे महिन्यातली पातळी जुळते आणि ओल्या वर्षाची ऑक्टोबरची जुळत नाही, असं झालं तर उपशाचे आकडे बदलायला धावू नका. मुरणाऱ्या पाण्याची टक्केवारी दोन्ही वर्षांना एकच धरली आहे का ते आधी बघा. धो-धो पावसात खडक लवकर भरतो आणि उरलेलं पाणी नाल्यानं निघून जातं, त्यामुळे ती टक्केवारी ओल्या वर्षी कमी धरावी लागते.