मराठी लिहिणाऱ्याच्या हाताशी असलेली ऑनलाइन अवजारं: कोण किती कामाचं

'लेखकांसाठी उपयुक्त साधनं' अशा याद्या पुष्कळ फिरतात. अडचण एवढीच, की त्यातली बरीचशी साधनं इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनलेली असतात आणि देवनागरी पुढ्यात आली की त्यांची त्रेधा उडते. त्यामुळे कुठलंही साधन घेण्याआधी त्याला मराठीतल्या अडचणीच्या जागा दाखवाव्यात. त्यासाठी एक वाक्य पुरतं:

'दुसऱ्या ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी स्वतः वाङ्मयाची तऱ्हा सांगितली, पण गरिबाचं दुःख कुणाला कळलं नाही.'

अर्थाच्या नावाने आनंद आहे, पण अर्धचंद्री र, ॲ, विसर्ग, ङ्म, ळ आणि सामान्यरूपात ऱ्हस्व होणारी वेलांटी असं सगळं त्यात येतं. टाइप करून, बोलून, स्कॅन करून हे वाक्य जिथे धड उतरेल, ते साधन ठेवायचं.

सुरुवात टायपिंगपासून. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींत आधीपासून असतो. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की झालं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, जोडाक्षरासाठी हलन्त 'डी'वर. 'दुसऱ्या' लिहायचं तर ओ, जी, एम, शिफ्ट-जे, डी, तिरक्या रेघेची कळ, ई. सात कळा, सात चिन्हं, मधे कुठे अंदाज नाही. शिफ्ट-जेवर बसलेला ऱ अनेकांना ठाऊकच नसतो, आणि मग 'दुसर्या' असला रफारवाला प्रकार जन्माला येतो. सुरुवातीचे दिवस हात अडखळतो. रोज लिहायचं असेल तर तेवढं सोसावं, असं आमचं मत.

ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी गूगल इनपुट टूल्स, फोनवर जीबोर्ड, आणि विंडोज १० व ११ मधला मराठी फोनेटिक कळफलक. इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायचा, साधन मराठी शब्द सुचवतं. वेग झकास, पण खोट मुळातच आहे: रोमन अक्षरांत न-ण, ल-ळ, ऱ्हस्व-दीर्घ हे भेद माणसं पाळत नाहीत, म्हणून साधन अंदाज बांधतं आणि स्पेसबार दाबताच पहिला पर्याय मजकुरात जाऊन बसतो. 'दिन' हवा तिथे 'दीन', 'की' हवी तिथे 'कि'. या चुका हमखास निसटतात, कारण दोन्ही शब्द डोळ्यांना ओळखीचे असतात. सूचनांच्या यादीकडे बघूनच स्पेस द्यायची सवय लावली तर हे बऱ्यापैकी आटोक्यात येतं.

आता एक अशी गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही आणि जी पुढे फार छळते. पडद्यावर सारखं दिसणारं अक्षर आतून वेगळं असू शकतं. 'ऱ्या' दोन प्रकारे साठवला जातो: एकतर ऱ, हलन्त, य असा, नाहीतर साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य असा. ॲ सुद्धा तीन तऱ्हांनी येतो: युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) स्वतःचा क्रमांक असलेला खरा ॲ, हिंदीचा ऍ, आणि अ वर वेगळा चंद्र ठेवून केलेला. तीनशे पानांच्या कादंबरीत अर्धी प्रकरणं फोनवर आणि अर्धी लॅपटॉपवर लिहिली, तर 'दुसऱ्या' शोधल्यावर निम्मेच सापडले, असं होऊ शकतं. शोधा-आणि-बदला वापरून एकच रूप ठरवून घ्यायचं: चुकीच्या रूपाचा एक नमुना मजकुरातून उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवायचा, बदलाच्या चौकटीत योग्य रूप टाइप करायचं.

विसर्गाची गत याहून वाईट. बहुतेक जण विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची दोन टिंबं ठोकतात. 'दु:ख' दिसायला ठीक, पण संगणकाच्या लेखी तो शब्द मधेच तुटलेला असतो. 'दुःख' असा शोध घेतला की तो सापडत नाही. दुरुस्ती करताना 'त:' च्या जागी सरसकट 'तः' घालू नका. 'पुढील बाबतीत:' यातल्या बिचाऱ्या अपूर्णविरामाचाही विसर्ग होऊन बसेल. 'स्वत:', 'विशेषत:', 'दु:ख', 'अंत:करण' असे पूर्ण शब्द एकेक करून बदला. दहा मिनिटांचं काम आहे.

शब्दकोशांच्या बाबतीत मात्र मराठी लेखक खरोखर श्रीमंत आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशसंग्रहात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), वझ्यांचा १९११ चा कोश, दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश, सगळे फुकट शोधता येतात. या लेखातल्या सगळ्या साधनांत पहिला नंबर आम्ही यालाच देऊ. पण शोधायची रीत माहीत हवी. या जुन्या कोशांतले शब्द जुन्या लेखनपद्धतीने आहेत. न उच्चारले जाणारे अनुस्वार काढायचं ठरलं ते १९६२ च्या लेखननियमांत. म्हणून 'काही' टाकून हाती काही लागलं नाही तर 'कांहीं' टाका. तसंच 'पांच', 'गांव', 'नांव'. जुन्या पद्धतीत 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी हा फरक डोळ्यांना दिसायचा, तो आता संदर्भावर सोडलाय.

मोल्सवर्थचा आणखी एक उपयोग आहे. शोध फक्त मुख्य शब्दांत न करता संपूर्ण नोंदीत करा आणि इंग्रजी शब्द द्या. ज्या ज्या मराठी शब्दांच्या अर्थात तो आलाय, ते सगळे समोर येतात. पावसाच्या, चालण्याच्या, रागावण्याच्या किती छटांना मराठीत स्वतंत्र शब्द होते, हे असं बघितलं की कळतं. त्यातले बरेच आज मेलेले आहेत, हे भान ठेवून वापरा. दीडशे वर्षांपूर्वीचा शब्द आजच्या कॉलेजकुमाराच्या तोंडी घातला की हसं होतं. एकाच शोधात अनेक मराठी कोश चाळायचे असतील तर बृहद्कोश हे संकेतस्थळ सोयीचं पडतं.

पारिभाषिक शब्दांसाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. कायदा, प्रशासन, विज्ञान यांतला प्रमाण प्रतिशब्द तिथे मिळतो. बातमी, अहवाल, पाठ्यपुस्तक यांसाठी चोख. कथेतल्या संवादात मात्र तसाच उचलून घालू नये. मराठी विश्वकोशाचे वीस खंडही ऑनलाइन वाचता येतात. पहिला खंड १९७६ चा, त्यामुळे तंत्रज्ञान किंवा राजकीय भूगोलाच्या नोंदी तपासून घ्याव्यात. इतिहास, वनस्पती, जुने कारागिरी व्यवसाय यांसाठी अजूनही उत्तम.

शुद्धलेखन तपासनीस ही मराठीतली सगळ्यात दुबळी कडी. कारण भाषेच्या घडणीतच आहे. 'घर' या एका शब्दापासून घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनाही अशी रूपं निघत राहतात. शब्दांची यादी घेऊन बसलेला तपासनीस ती सगळी कुठून आणणार? म्हणून बरोबर शब्दाखाली लाल रेघ आणि चुकीच्या शब्दावर मौन, असा उलटा न्याय होतो. लिबरऑफिसमध्ये मराठी हन्स्पेल कोश (तपासनिसाला लागणारी शब्दयादी) घालून बघायला हरकत नाही: एक्स्टेन्शन बसवा, मग टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स (जुन्या आवृत्त्यांत लँग्वेज सेटिंग्ज) या वाटेने जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची भाषा मराठी करा. हे दुसरं पाऊल राहिलं आणि तिथे हिंदी असली, तर पानभर लाल रेघा दिसतात आणि लोक तपासनिसालाच शिव्या घालतात.

त्याची परीक्षा घ्यायला हे शब्द द्या: गरीबाला, फूलाला, वीटेवर, शरिरात. चारही चूक आहेत. 'गरीब', 'फूल', 'वीट' यांच्या सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, म्हणून गरिबाला, फुलाला, विटेवर. पण 'शरीर' तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, त्याची दीर्घ वेलांटी कायम राहते, म्हणून शरीरात. चारही पकडले तर तपासनीस कामाचा. 'पिक' आणि 'पीक' यांतला फरक मात्र कुठल्याही यादीला कळणार नाही. पहिला कोकिळ, दुसरं शेतातलं, आणि दोन्ही शब्द शुद्धच. एआय चॅटबॉटला हे संदर्भावरून पुष्कळदा जमतं, पण 'शुद्धलेखन तपास' म्हटलं की तो वाक्यंच इस्त्री करून परत देतो. त्याला 'मजकूर बदलू नकोस, फक्त चुकलेले शब्द आणि त्यामागचा नियम लिही' असं बजावून सांगा, आणि सांगितलेला नियम स्वतः पडताळा. साहित्य महामंडळाचे नियम अठराच आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार; एकदा वाचून काढायला फार वेळ लागत नाही.

जुना मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये अडकला असेल तर युनिकोड परिवर्तक लागतो. इथे घोळ दोन ठिकाणी होतो. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार बरोबर उलटा, तिथे शेवटी, इथे आधी. परिवर्तकाला जोडाक्षराची हद्द नीट कळली नाही की 'स्थिती'ची वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. शिवाय या फॉन्टमधली मराठी आतून रोमन चिन्हंच असल्यामुळे मजकुरातले इंग्रजी शब्दही देवनागरी कचरा होऊन येतात. ते आधी वेगळे काढा. फॉन्टचं नेमकं नाव निवडा, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी. आणि आधी एकच पान करून बघा.

छापील पानावरून मजकूर उचलायला गूगल ड्राइव्ह पुरतं. ३०० डीपीआयला स्कॅन करा, पान सरळ ठेवा, फाइल २ एमबीच्या आत ठेवा, ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. खाली मजकूर आलेला असतो. तपासताना ध-घ, भ-म, ब-व या जोड्या आणि गळलेले अनुस्वार एवढ्यांवर डोळा ठेवला तरी बरंच काम होतं. आपल्याच संगणकावर करायचं असेल तर टेसरॅक्ट हे चित्रातला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, मराठीसाठी वेगळी भाषाफाइल घ्यावी लागते.

बोलून लिहायचं तर गूगल डॉक्समध्ये टूल्स, व्हॉइस टायपिंग, भाषा मराठी. कच्च्या खर्ड्याला चांगलं. विरामचिन्हं हातानेच घालायची तयारी ठेवा, आणि विशेषनामांची वाट लागते हे गृहीत धरा.

शब्दसंख्येबद्दल: साध्या वेबसाइटवरचे काही काउंटर देवनागरीला शब्दच मानत नाहीत आणि शून्य दाखवतात; काही मात्रा आणि हलन्तापाशी शब्द तोडतात. वर्ड किंवा डॉक्सचा आकडा घ्या. अक्षरमर्यादा असेल तर आणखी सावध राहा. 'क्षत्रिय' आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो. संगणक क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य अशी आठ चिन्हं मोजतो, आणि साठवायला चोवीस बाइट घेतो.

फॉन्टमध्ये गूगल फॉन्ट्सवरचे 'मुक्त' (Mukta) आणि 'तिरो देवनागरी मराठी' हे दोन्ही मोफत. पडद्यावरच्या वाचनासाठी 'मुक्त', पुस्तकी पानासाठी 'तिरो'. 'तिरो'त ल आणि श मराठी वळणाचे मिळतात, हिंदी वळणाचे नाही. संपादकाकडे मजकूर पाठवताना मात्र नुसती पीडीएफ पाठवू नका. देवनागरी पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर बहुधा वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटूनच बाहेर येतो. वर्डची किंवा ओडीटी फाइल द्या, आणि वरचं परीक्षेचं वाक्य त्यांच्याकडे कसं दिसतं ते आधी विचारा.