संहतीची रूपांतरे करणारे ॲप : हिशेब चोख, घनतेपाशी मात्र सावध

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांसाठी द्रावणे तयार करून ठेवणे हे माझे रोजचे काम असल्याने संहती (द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण) मांडण्याच्या मोलॅरिटी (एक लिटर द्रावणातील मोल), मोलॅलिटी (एक किलो द्रावकामागे मोल), नॉर्मॅलिटी (एक लिटर द्रावणातील सममूल्ये), वजनी टक्केवारी आणि पीपीएम (दशलक्ष भागांतील भाग; पाण्यात साधारण मिलिग्रॅम प्रतिलिटर) या पद्धतींची आपापसांत रूपांतरे करून देणारे एक मोफत मोबाइल ॲप मी या सत्रात वापरून पाहिले.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. ३७ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची मोलॅरिटी त्याने १०.१५ दाखवली, आणि त्या भरवशावर २५० मिलि १ नॉर्मल द्रावणासाठी मी २४.६ मिलि आम्ल घेतले. सोडियम कार्बोनेटच्या १० मिलि १ नॉर्मल द्रावणाशी अनुमापन (टायट्रेशन) करताना ब्युरेटमधून १० मिलिऐवजी जेमतेम ८.४ मिलि आम्ल उतरले आणि मिथिल ऑरेंज या सूचकाचा पिवळा रंग पालटलासुद्धा; म्हणजे आम्ल हवे त्याहून तीव्र झाले होते. शोध घेता कळले की घनतेची चौकट रिकामी राहिली, तर हे ॲप काहीही न सांगता घनता १ धरते. बाटलीवरच्या लेबलातली १.१९ ही घनता भरताच उत्तर १२.०८ आले, म्हणजे २०.७ मिलि आम्ल पुरेसे होते. चौकट रिकामी ठेवली ही चूक माझी. पण दाहक आम्लांच्या बाबतीत असे मुकाट गृहीतक धरणे मला अक्षम्य वाटते.

एवढे सोडले तर हिशेब चोख आहेत. पोटॅशियम परमँगनेटची नॉर्मॅलिटी काढताना ते माध्यम विचारते आणि आम्लधर्मी माध्यमात मोलॅरिटीला ५ ने, तर उदासीन माध्यमात ३ ने गुणते. हा फरक विद्यार्थी हमखास विसरतात. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लाची मोलॅरिटी १८.४, पण मोलॅलिटी सुमारे ५०० येते, हे पाहून वर्गातल्या मुलांना ॲप बिघडल्याची शंका आली होती. मोलॅलिटी द्रावकाच्या, म्हणजे इथे पाण्याच्या, वजनावर काढतात आणि एक किलो आम्लात पाणी अवघे २० ग्रॅम असते, हे फळ्यावर मांडल्यावर ती फिटली.

पीपीएमचा विभाग मात्र कच्चा आहे. पाण्याच्या अहवालात नायट्रेट कधी नायट्रेट म्हणून, तर कधी त्यातील नायट्रोजन म्हणून लिहिलेले असते, आणि नायट्रोजनचे १० मिलिग्रॅम प्रतिलिटर म्हणजे नायट्रेटचे सुमारे ४४. ही निवड ॲपमध्ये नाहीच, त्यामुळे मुलांनी आणलेल्या बोअरवेलच्या पाण्याच्या अहवालांसाठी ४.४३ चा गुणाकार मी अजून वहीच्या मागच्या पानावरच करतो.