टर्बो पेट्रोलचं न जाणारं मिसिंग: पार्ट बदलायचे, मेस्त्रीकडे जायचं की कंपनीत?

साखरप्यापर्यंत गाडी मस्त पळते. आंबा घाट सुरू झाला, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की झटके. हेच मिसिंग: एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. चेक इंजिनचा दिवा लागतो, कोणीतरी स्कॅनर लावून दोषाचा कोड पुसून देतं, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. अशा वेळी कोकणातल्या गाडीमालकापुढे तीन वाटा असतात. प्लग-कॉइल (ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याला व्होल्टेज देणारी कॉइल) बदलून टाकायचे, गावातल्या मेस्त्रीकडून नीट तपासून घ्यायचं, किंवा रत्नागिरी, कुडाळ नाहीतर घाट चढून कोल्हापूरचं कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: वॉरंटी संपलेली असेल तर पहिली फेरी चांगल्या मेस्त्रीकडे. पण त्याआधी गाडी नेमकी कधी मिस करते हे मालकानेच बघून ठेवायला हवं, कारण निम्मं निदान तिथेच आहे.

फक्त चढावर, लोड आला की मिस होत असेल तर आधी ठिणगीवर संशय घ्या. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे ठिणगी पडण्याच्या वेळी सिलिंडरमधला दाब जास्त असतो, आणि त्या दाबात प्लगची फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेला प्लग किंवा दमलेली कॉइल सपाट रस्त्यावर निभावून नेते, घाटात उघडी पडते. उलट उभ्या गाडीत, आयडलला थरथर असेल आणि वेग घेतल्यावर ती जात असेल तर कुठून तरी हवा ओढली जाते का, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा पार्ट) कमी मारतो का, व्हॉल्व्ह नीट बसतो का, हे बघायचं. फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टला होतं का, की जोराच्या पावसानंतर किंवा गाडी धुऊन आणल्यावर होतं? हेही टिपून ठेवा.

आता पहिली वाट. प्लगचं आयुष्य मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते संपत आलं असेल तर बिनधास्त बदला, तो खर्च वाया जात नाही. फक्त नवीन प्लगची फट मोजून घ्या. बऱ्याच टर्बो पेट्रोल इंजिनांत ती ०.७ ते ०.८ मिमीच्या आसपास असते. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. कॉइलचा अख्खा सेट अंदाजाने घेणं मात्र मला पटत नाही, आणि समुद्राकाठी तर अजिबात नाही. कारण इथे कॉइल बदलून गाडी सुधारली, म्हणजे कॉइलच खराब होती असं सिद्ध होत नाही. कॉइलचा कपलर (वायरचा जोड) काढून आत टॉर्च मारून बघा. खाऱ्या, दमट हवेने पितळी पिनांवर हिरवट-पांढरी पूड धरलेली दिसते. कॉइल काढताना आणि नवीन बसवताना कपलर निघतो आणि पुन्हा दाबून बसतो, त्यात ती पूड खरवडली जाते आणि संपर्क तात्पुरता सुधारतो. श्रेय मिळतं नव्या कॉइलला. थोड्या दिवसांनी पूड पुन्हा धरते, गाडी पुन्हा मिस करते, आणि मग संशय इंजेक्टरवर जातो. पैसे असे एकेक करून जातात. खरा इलाज कॉन्टॅक्ट क्लीनर, पिन सैल असेल तर नवीन पिन, आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी खोलून घासून पुन्हा घट्ट करणं. हा खर्च एका कॉइलच्या किमतीपुढे काहीच नाही.

मेस्त्रीकडची वाट मी वर ठेवतो ती याचसाठी. किनाऱ्यावरच्या जुन्या मेस्त्रीने गंजलेली अर्थिंग आणि उंदरांनी कुरतडलेली वायर इतक्या वेळा पाहिलेली असते की बोनेट उघडल्यावर त्याची नजर आधी तिथेच जाते. पण चांगला मेस्त्री ओळखायचा कसा? तो कोड वाचून थांबत नाही. पी०३०२ हा कोड दुसरा सिलिंडर मिस होतोय एवढंच सांगतो, का ते सांगत नाही. त्याने दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर टाकावी, कोड पुसावा, त्याच चढावर ट्रायल घ्यावी. पी०३०३ आला तर कॉइल दोषी. पी०३०२ तसाच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल, मग कपलर आणि वायर, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब नीट बनतो का). या अदलाबदलीला एकही नवीन पार्ट लागत नाही. प्लग काढल्यावर त्याच्या खड्ड्यात ऑइल किंवा पाणी आहे का हेही बघायला सांगा. ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलेलं असू शकतं, आणि ते न बदलता घातलेली नवी कॉइलही पुन्हा खराब होईल.

पी०३०० आला, म्हणजे मिसिंग एका सिलिंडरला चिकटलेलं नाही, तर सगळ्यांना सामाईक गोष्टी बघायच्या: पेट्रोलचा दाब, पेट्रोलमधलं पाणी (इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात शेवटचं पेट्रोल कुठे भरलं ते आठवा), इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) होज. होजची क्लिप सैल असेल तर चढावर फुस्स आवाज येतो आणि पिकअप पडतो. ज्या गाड्यांत हवेचं माप टर्बोच्या आधी घेतलं जातं, त्यांत मोजलेली हवा वाटेतच निसटते आणि पेट्रोल जादा पडून गाडी मिस करते. आणखी एक: ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिसिंग ओळखतो तो क्रँकशाफ्टच्या वेगातल्या चढउतारांवरून. त्यामुळे खूप उखडलेल्या रस्त्यावर क्वचित खोटा कोडही येऊ शकतो. झटका जाणवला नाही आणि कोड फक्त खड्ड्यांच्या पट्ट्यातच येतो, तर पार्ट बदलू नका.

मेस्त्रीची मर्यादा डायरेक्ट इंजेक्शनपाशी येते. ह्युंदाई व्हेन्यूचं १.० टी-जीडीआय किंवा फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय, यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला ते लागतच नाही, म्हणून तिथे कार्बन साचू शकतो आणि थंड इंजिनाला मिसिंग येतं. टाकीत ओतायचं औषध त्या कार्बनपर्यंत पोचत नाही; मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारे पाइप) खोलूनच साफ करावं लागतं. शिवाय या गाड्यांत इंजेक्टरच्या लाइनला शेकडो बारचा दाब असतो. त्याची माहिती आणि हत्यारं नसलेल्याला ती लाइन खोलू देऊ नका. टाटा नेक्सॉनच्या १.२ टर्बोसारख्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत ही अडचण नाही, तिथे मेस्त्री बराच पुढपर्यंत जाऊ शकतो.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर कधी? वॉरंटी असेल तर थेट तिथेच, आणि त्याआधी कोणाला वायर कापू-जोडू देऊ नका. ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट, नवीन इंजेक्टरचं कोडिंग, हाय प्रेशर पंप ही कामंही तिथलीच. त्यांची कमजोर बाजू ट्रायलची आहे. गाडी शहरातल्या सपाट रस्त्यावर फिरवून आणतात, दोष दिसत नाही, मग पार्ट बदलत बदलत शोध सुरू होतो. म्हणून गाडी देण्याआधी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावून घाटातला डेटा फोनवर नोंदवून ठेवा. दोषाचं निदान स्कॅनर करत नाही, पण पुरावा देतो.

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर हळू जाऊन गॅरेज गाठता येतं. तो लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तो तापतोय असं समजा. तशा गाडीने घाट चढू नका, टो करून न्या. कन्व्हर्टरचा खर्च प्लग-कॉइलच्या कितीतरी पट असतो.

आणि कंपनीत देताना जॉब कार्डवर ‘मिसिंग’ एवढंच लिहू देऊ नका. ‘इंजिन गरम, तिसरा गिअर, चढ, कोड पी०३०२, कॉइलची अदलाबदल केली, कोड हलला नाही’ असं लिहून घ्या. ट्रायलला टेक्निशियनच्या शेजारी स्वतः बसा. गाडी कोल्हापुरात दिली असेल तर ट्रायल पन्हाळ्याच्या चढावर मागा.