ट्रॅकवर ऑइल थंड ठेवायचं तर हवेवरचा कूलर घ्यावा की पाण्यावरचा?

चार-पाच लॅप जोरात मारले की डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा अजून मध्यावरच असतो, पण ऑइलचं तापमान १३०च्या पुढे गेलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत कंपनीने तो काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे वेगळं मीटर बसवेपर्यंत हे कळतही नाही. कळलं की ऑइल कूलर घ्यायचं ठरतं आणि पुढचा प्रश्न येतो, कुठला?

मी एकाच गाडीवर दोन्ही वापरले. टर्बो नसलेलं दोन लिटरचं इंजिन, वीस मिनिटांची सेशन्स. आधी दोन सीझन हवेवरचा कूलर होता, नंतरचे दोन सीझन पाण्यावरचा हीट एक्स्चेंजर, ज्यात इंजिनाचंच पाणी ऑइलची उष्णता ओढून घेतं.

नुसत्या थंड करण्याच्या ताकदीत हवेवरचा कूलर वरचढ आहे, हे मान्य करायलाच हवं. बाहेरची हवा ३५ अंश आणि ऑइल १२० असेल, तर मधला फरक ८५ अंशांचा. हीट एक्स्चेंजरमध्ये समोर पाणीच ९० अंशांवर असतं, म्हणजे फरक जेमतेम ३० उरतो. पाणी हवेपेक्षा उष्णता फार चांगली ओढून घेतं, म्हणून मुठीएवढा एक्स्चेंजरही काम करतो. पण ती उष्णता शेवटी रेडिएटरमधूनच बाहेर पडणार असते. हवेवरच्या कूलरने माझं ऑइल ११२-११५वर राहायचं. बीएमडब्ल्यूने ई४६ एम३ला कंपनीतूनच असा कूलर दिला होता, तो उगाच नाही.

तरीही मी तो काढला, आणि त्याचं कारण जॉइंट.

ऑइल कूलरकडे वळवण्यासाठी फिल्टरखाली बसवलेल्या सँडविच प्लेटला दोन, कूलरला दोन, शिवाय प्रत्येक होज फिटिंगला जिथे जोडलेला असतो ती जागा. यातलं एक तरी जॉइंट कायम ओलं असायचं. गळायचं नाही, नुसतं पाझरायचं. प्रत्येक सेशननंतर जॅक लावायचा, फडकं घेऊन खाली शिरायचं, पुसायचं, पाना लावून बघायचं आणि पुढच्या सेशननंतर पुन्हा तेच. पुसलेल्या जागी तासाभरात धूळ चिकटून काळी साय धरायची, त्यामुळे नवं ऑइल कुठलं आणि जुनं कुठलं तेही कळायचं नाही. एकदा चाकाच्या आतल्या प्लॅस्टिकला होज घासून झिजला आणि मला काळा झेंडा दाखवला गेला, मधे नारिंगी गोल असलेला, म्हणजे गाडीत बिघाड आहे, पिटमध्ये या. पिटमध्ये येऊन पाहिलं तर खालच्या पत्र्यावर ऑइलचे थेंब ओळीने लोंबत होते. टायरपर्यंत पोचले नव्हते, हे नशीब. पण त्यानंतर वेगाच्या उजव्या वळणात माझी नजर रस्त्यावर कमी आणि प्रेशरच्या काट्यावर जास्त असायची. मागच्या गाडीसमोर आपण ऑइल सांडू, ही भीती डोक्यात घेऊन गाडी चालवता येत नाही.

हीट एक्स्चेंजर इंजिन आणि फिल्टर यांच्या मधे बसतो. ऑइल इंजिनापासून दूर जातच नाही, बाहेर येतात ते फक्त पाण्याचे दोन पाइप. तो पाइप सुटला तरी ट्रॅक निसरडा होतोच, या पाण्यातलं, म्हणजे कूलंटमधलं, ग्लायकॉल त्या बाबतीत ऑइलइतकंच वाईट. पण काही सेकंदांत इंजिन ऑइलविना कोरडं पडत नाही.

त्याची खोड म्हणजे पाणी तापतं. पहिल्या दिवशी आठव्या लॅपला पाणी १०४वर गेलं आणि मला वेग कमी करावा लागला. मग जाड रेडिएटर टाकला. त्याहून जास्त फरक पडला तो रेडिएटरच्या कडेच्या फटी पत्रा आणि फोम लावून बंद केल्यावर, कारण समोरून आलेली हवा तोवर फटींतूनच निसटत होती. आता पाणी ९६ आणि ऑइल १२०च्या आसपास थांबतं. आकडे माझ्या मीटरचे आहेत, तुमच्या गाडीत वेगळे येतील. चांगल्या सिंथेटिक ऑइलला १२० जड नाही. उलट शंभरच्या वर गेल्याशिवाय त्यात साचलेलं पाणी नीट उडून जात नाही. सकाळी ऑइल लवकर तापतं, हा आणखी एक फायदा. हवेवरच्या कूलरचा थर्मोस्टॅट, म्हणजे गार ऑइल कूलरकडे जाऊ न देणारी झडप, बंद असतानाही थोडं ऑइल पुढे जातच असतं.

गाडीला टर्बो असेल, सेशन अर्ध्या तासाहून मोठं असेल किंवा पाणी आधीच काठावर असेल, तर मी हवेवरच्या कूलरला नाही म्हणणार नाही. फक्त होज कशालाही घासणार नाही अशा मार्गाने न्या आणि जॉइंट स्वतः तपासा. ब्रेक ऑइलला मात्र यातलं काहीच लागत नाही. तिथे हवेचे डक्ट आणि ताजं ऑइल एवढंच. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० असतो, ओल शोषल्यावर तो १५५पर्यंत उतरू शकतो.

हीट एक्स्चेंजर घेतलात तर एक सवय लावून घ्या. गाडी पूर्ण थंड झाली की कूलंटच्या टाकीत डोकवा. वर तेलाचा तवंग दिसला तर एक्स्चेंजर आतून फुटला असण्याची शक्यता मोठी, मग इंजिन सुरू करू नका. माझ्याकडे दोन सीझनमध्ये तवंग दिसलेला नाही, आणि फडकं घेऊन गाडीखाली शिरणंही बंद झालंय.