जयपूरला पन्नास रुपयांत रिक्षा मिळाली, त्याची गोष्ट

हसायचं तर हसा, पण जयपूरला जाणार असाल तर वाचून जा.

हवा महालासमोर एक रिक्षावाला भेटला. "पन्नास रुपयांत सगळे बाजार फिरवतो साहेब." पन्नास रुपयांत कुणी तासन्‌तास फिरवतं का? दुकानात गिऱ्हाईक नेलं की रिक्षावाल्याला कमिशन मिळतं, ही भानगड मला माहीत नव्हती असं नाही. पण आदल्या रात्रीच्या प्रवासाने अंग आंबलं होतं, वर ऊन. बसलो.

"जोहरी बाजार, म्हणजे दागिन्यांचा बाजार, आज बंद आहे, सरकारी एम्पोरियमला नेतो," म्हणाला. आणि रिक्षा गेली कुठून? त्याच जोहरी बाजारातून! दोन्ही बाजूंची शटरं सताड उघडी. मी विचारलं तर म्हणे, "ही कपड्यांची दुकानं, खड्यांची बंद आहेत." मी मान डोलावली! स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवला. आजही रात्री ते आठवलं की उठून बसतो. तिथेच उतरलो असतो तर ही वेळच आली नसती. (सरकारी एम्पोरियम हवंच असेल तर एमआय रोडवरचं राजस्थली. तिथे आपल्या पायांनी जा.)

त्याने नेलेल्या दुकानात चहा, गाद्या, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. पाचूची अंगठी बेचाळीस हजारांवरून १८,५०० वर आली. कार्डाचं मशीन बंद होतं म्हणून क्यूआर कोड दिला. पैसे गेले कुणा माणसाच्या नावावर, दुकानाच्या नव्हे. बायको म्हणाली, "अहो, बिलावर नुसतं 'हिरवा खडा' लिहिलंय." मी तिला गप्प केलं. खऱ्या पाचूच्या पोटात रेघा, डाग असतातच, आणि हा आरपार स्वच्छ! मला वाटलं, उच्च प्रतीचा आहे.

घरी आल्यावर ओळखीच्या सराफाने भिंग लावलं. आत बुडबुडे. काच.

फोनवर पोलीस म्हणाले, "खरेदी मर्जीनेच केलीत ना? मग दिवाणी मामला." सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरचे, १९३० वाले म्हणे, हे सायबर नाही. पर्यटकांच्या हेल्पलाइनने पोलिसांचाच नंबर दिला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळाला, पुढे काही नाही. पर्यटकांना गाठून दुकानात नेणाऱ्या या दलालांना तिथे 'लपका' म्हणतात, त्यांच्याविरुद्ध राजस्थानात २०१० पासून कायदा आहे. मग कायदा असलेल्या शहरात हवा महालासमोर दिवसाढवळ्या ही मंडळी उभी कशी? हे विचारलं की समोरचा म्हणतो, "लेखी द्या." लेखी दिलं. दोनदा. बिलावरचा पत्ता अर्धवट आहे, तो पूर्ण करून आणा म्हणे. म्हणजे चोराचा पत्ताही मीच शोधायचा!

आता ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्याने आपल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. पण बिल हवं, आणि त्यावर खड्याचं नाव, वजन, जीएसटी नंबर हवा. नसेल तर दुकानातून उठा, चहा प्यायला असलात तरी. पैसे पाठवण्याआधी क्यूआरवरचं नाव वाचा. आणि बायको बोलत असेल तर ऐका हो.

१८,५०० गेले. रिक्षावाल्याने उतरताना आपले पन्नासही मोजून घेतले.