कोल्हापुरात नसलेल्या भक्त निवासाचं बुकिंग

सासूबाईंना किरणोत्सव बघायचा होता. वय 74, दोन्ही गुडघे धरलेले, तरी चार वर्षं एकच धोसरा: एकदा आई अंबाबाईच्या अंगावरचं ऊन डोळ्यांनी बघू दे. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. वर्षातून दोनदाच हा योग येतो, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी. त्या वर्षी 31 जानेवारीला शुक्रवार होता, म्हणजे संध्याकाळी किरणोत्सव आणि रात्री पालखीसुद्धा. शनिवारी नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर, रविवारी जोतिबा, कारण तो आमचा कुलस्वामी, आणि वेळ उरला तर पन्हाळा. रविवारी रात्रीच्या गाडीने परत. सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं.

महालक्ष्मी एक्सप्रेसची कल्याणहून तिकिटं मिळाली. अडलं ते राहण्यापाशी. उत्सवाचे दिवस, माहितीची दोन लॉज भरलेली. मग मी नेटवर मंदिराजवळचं भक्त निवास शोधलं. सगळ्यांत वर जे आलं त्याच्यावर बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असं लिहिलेलं होतं. ते मी वाचलं नाही, कारण खाली मंदिराच्या शिखराचा फोटो होता, खोल्यांचे फोटो होते आणि फोन नंबर होता.

फोन एका वाजण्यात उचलला. “जय अंबाबाई, बोला ताई.” आवाज मऊ, बोलणं आपल्यातलं. सासूबाईंच्या गुडघ्यांचं सांगितलं तर म्हणाला, “आजींना पायऱ्या नकोत ना, मग तळमजल्यावरची 4 नंबर देतो. कमोड आहे, गरम पाणी पहाटे चारपासून. दाराबाहेर पाऊल टाकलं की महाद्वार.” त्या एका वाक्याला मी भुलले. आपल्या घरच्या म्हातारीची इतकी काळजी करणारा माणूस खोटा असेल असं मनात येतच नाही. पुढे पैसे गेले ते गेले, पण विश्वास मी याच ठिकाणी टाकला होता.

दोन खोल्या, दोन रात्री, 950 रुपयांप्रमाणे 3,800. निम्मे आगाऊ भरा म्हणाला. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड आला. स्कॅन केल्यावर वर नाव आलं ते कुठल्याशा माणसाचं, ट्रस्टचं नव्हे. मी विचारलं. “मॅनेजरसाहेबांचं खातं आहे ताई, संस्थेच्या खात्याचं ऑडिट चाललंय.” मी 1,900 भरले.

दहा मिनिटांनी फोन. “ताई, सिस्टीम निम्मी रक्कम घेईना. पूर्ण 3,800 एकदम टाका, आधीचे 1,900 आपोआप परत येतील.” टाकले. लगेच पावती आली, पीडीएफ, गोल शिक्का, सही, खोली नंबर 4 आणि 5. त्या पावतीने माझा जीव भांड्यात पडला. पत्त्यात फक्त ‘महाद्वार रोड, मंदिराजवळ’ एवढंच होतं, इमारतीचा नंबर नाही की गल्ली नाही, हे मला नंतर दिसलं.

मग परताव्याचं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसात डबा उघडा ठेवून मी त्याच्याशी बोलत होते. तो म्हणाला, “तुमचा रिफंड कोड पाठवलाय. अ‍ॅपमध्ये जिथं रक्कम लिहितात तिथं तो कोड टाका, पुढं पिन टाका, 1,900 जमा होतील.” कोड होता 9417. मी रकमेच्या चौकटीत 9417 लिहिलं आणि पिन दाबला. तो मला कोड वाटत होता. फोनला ते नऊ हजार चारशे सतरा रुपये दिसत होते. पैसे कापल्याचा मेसेज आला तेव्हा हात गार पडले. पण तो शांत होता. “असं होतं ताई, सिस्टीम 72 तासांत सगळं एकदम परत करते, काळजी करू नका, खोली तुमचीच आहे.” आणि मी थांबले. एकूण 15,117 रुपये. मध्ये दोनदा फोन केला, दोन्ही वेळा उचलला, दोन्ही वेळा गोड बोलला. खोली पक्की आहे या आधारावर मी घरात कुणालाच काही बोलले नाही.

31 तारखेला सकाळी कोल्हापूर स्टेशनला उतरलो. रिक्षावाल्या दादांना पावती दाखवली. त्यांनी रिक्षा सुरू केली नाही. मोबाइल जवळ धरून वाचलं आणि म्हणाले, “ताई, ह्या नावाचं भक्त निवास हितं नाहीच की. मागच्या महिन्यात लातूरची माणसं असाच कागद घेऊन आलती.” तरी त्यांनी आम्हाला महाद्वार रोडला नेलं, गल्लीबोळ दाखवले, एका फुलवालीला विचारलं, एका पेढेवाल्याला विचारलं. नंबर लावला तर बंद.

सासूबाई एका दुकानाच्या बंद शटरपुढच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर ओटीची पिशवी: हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. त्या काही बोलल्या नाहीत. नारळ पिशवीत आडवा झाला होता, तो तेवढा उभा करून ठेवला. रात्रभर प्रवास करून आलेली ती बाई तोंड धुवायला जागा नाही म्हणून रस्त्यावर बसली आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. संध्याकाळी त्या म्हणाल्या, “माझ्याच सेवेत काही कमी पडलं असेल.” हे लिहायला बसले त्याचं कारण हे वाक्य आहे. पंधरा हजार मी आणि हे मिळून भरून काढू. पण एका चोरामुळे तिला देवीचा रोष वाटावा, याचा संताप मला आवरत नाही.

खोली रिक्षावाल्या दादांनीच मिळवून दिली, मंगळवार पेठेत, एका आजींच्या घरी वरची मोकळी खोली. त्यांनी आधी चहा ठेवला, भाड्याचं नंतर बोलू म्हणाल्या. सामान ठेवलं आणि तिथूनच मी 1930 वर फोन केला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. पलीकडच्या मुलीने व्यवहारांचे क्रमांक आणि वेळा नीट उतरवून घेतल्या आणि मग विचारलं, “मॅडम, नऊ दिवस का थांबलात?” पैसे गेल्यावर लगेच कळवलं तर समोरच्या खात्यात शिल्लक असलेली रक्कम गोठवता येते. ती एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली आणि एटीएममधून काढली की हातात काही उरत नाही. 72 तासांचं आश्वासन त्याने दिलं ते याच्यासाठी. तेवढा वेळ मी गप्प बसावं, एवढंच त्याला हवं होतं. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे, बँकेतही अर्ज दिला आहे. पैसे आजतागायत आलेले नाहीत.

पैशांपेक्षा मोठी धास्ती दुसरीच आहे. बुकिंगसाठी म्हणून त्याने आमच्या पाचही जणांच्या आधार कार्डांचे फोटो मागितले होते आणि मी पाठवले. आता सगळ्यांच्या आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक केलंय. इथून पुढे कुणी मागितलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार देणार, तेही समोर उभी राहून.

तुम्ही देवदर्शनाला निघत असाल, कोल्हापूर असो, अक्कलकोट असो, शेगाव असो, तर नेटवर दिसलेल्या नंबरावर पैसे पाठवू नका. मॅपवरचा नंबरही कुणीही बदल सुचवून बदलू शकतं. देवस्थानाचं निवास हवं असेल तर देवस्थानाच्या कार्यालयातून चौकशी करा. पैसे पाठवताना नाव माणसाचं आलं तर तिथेच थांबा, कारण काहीही सांगोत. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे मी आधीही ऐकलं होतं. त्या दिवशी समोर ‘रिफंड’ हा शब्द होता म्हणून आठवलं नाही. घरात कुणाला तरी सांगितलं असतं तरी दुसऱ्या रकमेलाच त्यांनी माझा हात धरून मला थांबवलं असतं.

किरणं त्या संध्याकाळी आली. गर्दीत सासूबाईंना गाभारा दिसला नाही, मंडपातल्या पडद्यावर दिसला. शनिवारी खिद्रापूरला मात्र त्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात मधोमध उभ्या राहिल्या. वरचं छत गोल उघडं, त्यातून सरळ ऊन खाली. बराच वेळ त्या तिथेच उभ्या होत्या, हात जोडून.

मार्चमध्ये मी मैत्रिणीच्या फोनवरून तोच नंबर लावून बघितला. चालू होता. एका वाजण्यात उचलला. “जय अंबाबाई, बोला ताई. चैत्र यात्रेला जोतिबावर खोली हवी का? आजी-आजोबा कुणी आहेत का बरोबर? तळमजल्यावरची देतो.” मी फोन ठेवला आणि लगेच 1930 लावला.