शेळ्यांच्या चराईसाठी सोलर झटका मशीन : दोन पावसाळ्यांचा अनुभव

झटका मशीन म्हणजे सौर ऊर्जेवर चालणारे, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारे यंत्र. आमच्याकडे ते रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतात. मी ते लावलेल्या गवतात शेळ्या कप्प्याकप्प्याने चारण्यासाठी घेतले आणि त्याच कामाच्या दृष्टीने हे परीक्षण लिहीत आहे.

माझ्याकडे 22 उस्मानाबादी शेळ्या आणि तीस गुंठे मारवेल गवत व फुले क्रांती स्टायलो (शेंगवर्गीय चारा) आहे. मशीन येण्यापूर्वी सगळे रान एकदम मोकळे सोडत असे. शेळ्या आधी स्टायलोचे शेंडे खुडत, पुन्हा फुटलेले कोंबही लगेच तोडत, आणि मारवेल मात्र जून होऊन वाया जाई. आता पाच-पाच गुंठ्यांचे सहा कप्पे आहेत. किती शेळ्या, किती जागेत, किती दिवस हे मला ठरवता येते, हेच या यंत्राचे खरे मोल आहे.

नव्या कप्प्यात पहिल्या दिवशी शेळी चालत चालत खाते, ओठांनी कोवळा शेंडा चाचपते, पान ओरबाडते आणि काडी सोडून पुढे जाते. तिसऱ्या दिवसापर्यंत पाला विरळ झालेला असतो. घास लहान झाल्यामुळे ती भराभर तोडू लागते आणि पोट भरण्यासाठी जास्त वेळ चरते. सुरुवातीला मी एका कप्प्यात सात दिवस शेळ्या ठेवल्या, ही माझी चूक होती. शेवटी शेवटी त्या पुढचे गुडघे टेकून बुडख्याचे गवत कुरतडत होत्या, आणि तरीही संध्याकाळी डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) खोलच दिसे, म्हणजे पोट भरलेले नसे. जंतांच्या अळ्या जमिनीलगतच्या पानांवर अधिक असतात, तेव्हा इतके खाली चरू देणे दुहेरी नुकसानीचे आहे. आता चार-पाच इंच गवत शिल्लक असतानाच, चौथ्या दिवसाअखेर कप्पा बदलतो. सहाही कप्पे झाले की आठवडाभर शेळ्या पडीक रानात नेतो, म्हणजे प्रत्येक कप्प्याला फुटण्यासाठी जवळपास चार आठवडे मिळतात.

मोठ्या शेळ्या दोन दिवसांत तारेला ओळखू लागल्या. करडे मात्र खालच्या तारेखालून निसटतात. त्यांच्यासाठी जमिनीपासून सहा इंचांवर आणखी एक तार ओढावी लागली. गवत तारेला टेकले की झटका मंदावतो, म्हणून तारेखालची पट्टी सतत कापून ठेवावी लागते. जमीन वाळल्यावर अर्थिंग, म्हणजे मशीनचा जमिनीत ठोकलेल्या रॉडमार्फतचा जोड, कमी पडते. दुसरा रॉड ठोकून त्याभोवती पाणी ओतल्यावर पुन्हा पुरेसा झटका बसू लागला. बॅटरी चौदाव्या महिन्यात गेली आणि विक्रेत्याने बदलून देण्यास 19 दिवस लावले. ऐन पावसाळ्यात एवढ्या दिवसांत दोन कप्पे पार बोडके झाले, याचे मला अजून वाईट वाटते.

घेणाऱ्याने बॅटरीची हमी लेखी घ्यावी आणि क्लच वायर (कुंपणाची तार) व इन्सुलेटर (तार खांबाला टेकू न देणारे तुकडे) कप्प्यांच्या हिशोबाने जास्तीचे आणून ठेवावेत. ज्यांच्या शेळ्या केवळ मोकळ्या रानात चरतात, त्यांना या खर्चाची गरज नाही. गवत स्वतः लावले असेल, तर मी हे यंत्र निःसंकोच घ्या असे सांगेन.